खऱ्या नाण्याला नकार

आमच्या हिंगणघाटात दहा रुपयांचं नाणं बरीच वर्षं चाललं नाही. नोट चालायची. मळकी, मधोमध चिकटपट्टी लावलेली नोटसुद्धा चालायची. नाणं पुढे केलं की मात्र दुकानदार मान हलवायचा. "हे नाही चालत इकडं, दुसरं द्या ना बाप्पा." "काऊन नाही चालत?" असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असायचं: "नकली आलं ना मार्केटात." पुण्यात ज्या नाण्यावर चहा मिळायचा, ते वर्ध्याला गाडीतून उतरल्यावर खिशातलं नुसतं ओझं व्हायचं. विदर्भातल्या बऱ्याच गावांचा हाच अनुभव होता, आणि महाराष्ट्राबाहेरही तो अनेकांना आला.

ही अफवा पूर्णपणे हवेतून आलेली नव्हती. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्ली पोलिसांनी पाच आणि दहा रुपयांची खोटी नाणी पाडणारा कारखाना पकडला होता, त्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या होत्या. पण अफवेने त्या बातमीवर आपला एक नियम रचला. ज्या नाण्यावर रुपयाचं '₹' हे चिन्ह आहे आणि वर दहा रेघा आहेत ते खरं. ज्यावर पंधरा रेघा आहेत आणि चिन्ह नाही ते खोटं. नियम सोपा होता, कुणालाही पाळता येण्यासारखा होता, आणि साफ चुकीचा होता. रुपयाचं चिन्हच मुळात २०१० मध्ये ठरलं आणि २०११ पासून नाण्यांवर आलं. त्याआधीच्या नाण्यांवर ते असणार कुठून? रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१६ मध्ये खुलासा केला. १७ जानेवारी २०१८ ला पुन्हा पत्रक काढून सांगितलं की दहा रुपयांची नाणी तोवर १४ वेगवेगळ्या नक्ष्यांत आली आहेत आणि चौदाही वैध आहेत. १४४४० हा क्रमांक दिला, त्यावर फोन केला की तीच माहिती ऐकायला मिळायची. २०१९ मध्ये पुन्हा खुलासा आला. तरी गल्ल्यावरची मान हलायची ती हलतच राहिली.

या लेखात मला अफवेबद्दल फारसं बोलायचं नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. खोटं नाणं खरं म्हणून स्वीकारणं ही चूक आहे, हे आपण सगळे जाणतो. त्याविरुद्ध कायदे आहेत, म्हणी आहेत, यंत्रं आहेत. पण खरं नाणं खोटं म्हणून नाकारणं, ही चूक आपण चूक म्हणून मोजतो का? आणि ती झाली तर तिची भरपाई कुणी करायची?

यंत्र काय पाहतं

या प्रश्नाकडे मी एका यंत्राच्या वाटेने आलो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी नाणी ओळखणारं एक छोटं यंत्र केलं होतं. वर्ध्याजवळच्या कॉलेजात, हजार-बाराशे रुपयांच्या सामानात. कल्पना अशी: नाणं एका उतरत्या घळीतून घरंगळत येतं. वाटेत इन्फ्रारेड प्रकाशाचे दोन झोत आडवे टाकलेले असतात, प्रत्येकाच्या समोर एक प्रकाशसंवेदक. नाण्याने पहिला झोत कधी अडवला आणि दुसरा कधी, यातून वेग कळतो. एकच झोत किती वेळ अडलेला राहिला, यातून नाण्याची रुंदी कळते. नाणं सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आलं तर २७ मिलिमीटर व्यासाचं दहाचं नाणं झोताला ५४ मिलिसेकंद अडवतं. साध्या मायक्रोकंट्रोलरला हा काळ मोजणं म्हणजे अगदीच किरकोळ काम.

पण रुंदी पुरत नाही. २०२० मध्ये आलेलं वीस रुपयांचं बारा बाजूंचं नाणंसुद्धा २७ मिलिमीटरचंच आहे. म्हणून पुढे एक रंगसंवेदक लावायचा. दहाच्या नाण्याची कडा पिवळी आणि मध्य पांढरा, विसाची कडा पांढरी आणि मध्य पिवळा. पांढऱ्या एलईडीचा उजेड नाण्यावर पाडायचा, परत आलेल्या उजेडातलं लाल, हिरवं, निळं मोजायचं, आणि ते आकडे आधी नोंदवून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून पाहायचे.

इथे खरी गंमत सुरू होते. एकाच टांकसाळीत, एकाच साच्यातून पडलेली दोन नाणीसुद्धा काही वर्षांनी एकसारखी राहत नाहीत. एक बँकेच्या पिशवीत पडून असतं, दुसरं भाजीवालीच्या ओल्या बटव्यात. एकावर घामाचा काळपट थर, दुसरं देवळाच्या पेटीतून आल्यामुळे हळदीकुंकवाने माखलेलं. संवेदकाला एक आकडा कधीच मिळत नाही, मिळतो तो आकड्यांचा पसारा. खऱ्या नाण्यांचा पसारा आणि खोट्या नाण्यांचा पसारा कडेला एकमेकांत मिसळलेले असतात. त्या मिसळणीत कुठेतरी एक रेघ ओढायची आणि म्हणायचं: इकडचं खरं, तिकडचं खोटं. या रेघेला आम्ही थ्रेशोल्ड म्हणतो. रेघ आत सरकवली की खोटं नाणं सुटत नाही, पण झिजलेली, काळवंडलेली खरी नाणी बाहेर फेकली जातात. बाहेर सरकवली की खरी सगळी आत येतात, आणि त्यांच्याबरोबर काही खोटीही येतात. दोन्ही चुका एकाच वेळी शून्य करणारी जागा त्या पट्टीवर नसते. चांगला संवेदक आणला तर मिसळण कमी होते, पण संपत नाही.

प्रकल्प तपासायला आलेल्यांनी आम्हाला एकच आकडा विचारला: अचूकता किती टक्के? सगळीकडे तेवढंच विचारतात. पण त्या एका आकड्यात दोन अगदी वेगळ्या चुका मिसळून टाकलेल्या असतात. थोडं गणित करून पाहू. समजा हजारात एक नाणं खोटं आहे, आणि यंत्र शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा बरोबर सांगतं. दहा हजार नाणी टाकली. त्यात खोटी दहा. ती जवळपास सगळी पकडली जातील. खरी ९,९९०, त्यातली शंभरेक यंत्र चुकून बाहेर फेकेल. म्हणजे यंत्राने 'खोटं' म्हणून फेकलेल्या एकशेदहा नाण्यांपैकी शंभर खरी असतील! यंत्र ९९ टक्के अचूक आहे, हे वाक्य खरं. आणि यंत्राने नाकारलेलं नाणं बहुधा खरंच असतं, हेही वाक्य तितकंच खरं. लोक पहिलं वाक्य ऐकतात आणि दुसरं त्यांच्या मनातही येत नाही.

सगळीकडे प्रमाण इतकं कमी असतंच असंही नाही. इंग्लंडमध्ये जुन्या गोल पौंडाच्या नाण्यांत तीस-चाळिसामागे एक खोटं असल्याचा अधिकृत अंदाज होता. शेवटी २०१७ मध्ये त्यांनी बारा बाजूंचं नवं नाणं आणून जुनं बंद केलं. तिथे कडक रेघ समजण्यासारखी आहे. मुद्दा इतकाच, की रेघ कुठे ओढायची हे संवेदक सांगत नाही. खोटी किती आहेत, आणि कोणती चूक कुणाला किती महागात पडते, यावर ते ठरतं. यातला दुसरा भाग अभियांत्रिकीच्या पुस्तकात सापडत नाही. तो नीतीचा प्रश्न आहे.

अफवेकडे या नजरेने पाहिलं की ती ओळखीची वाटू लागते. 'दहा रेघा खऱ्या, पंधरा खोट्या' हासुद्धा एक थ्रेशोल्डच होता. चौदापैकी थोड्याच नक्ष्या दाखवून एखादं यंत्र तयार केलं, तर ते उरलेल्या सगळ्या नक्ष्या खोट्या ठरवणार. आमच्या बाजारपेठेने नेमकं तेच केलं.

बारा पण दंड

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'रूपदर्शक' नावाचा एक अधिकारी आहे. नाणी पारखणं हे त्याचं काम. चौथ्या अधिकरणात त्याच्यासाठी एक नियम सांगितला आहे. चालण्याजोग्या नाण्यात त्याने खोट काढली तर १२ पण दंड. आणि खोट असलेल्या नाण्यात ती काढली नाही, तरी तोच १२ पण दंड.

हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ त्यावर विचार करत राहिलो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात दोन्ही चुका वेगळ्या ओळखल्या आहेत, दोन्हींना किंमत लावली आहे, आणि ती किंमत पारखणाऱ्याकडून वसूल केली आहे. जाणूनबुजून खोटं नाणं पाडणाऱ्याला याहून कितीतरी कठोर शिक्षा आहे, ती वेगळी. इथे चर्चा पारखणाऱ्याच्या चुकीची आहे. खरं नाणं नाकारणं हा ग्रंथाच्या लेखी हलका प्रमाद नाही. 'सावधगिरी बाळगली, काय बिघडलं?' ही पळवाट रूपदर्शकाला मिळत नाही.

आपण ही पळवाट सगळ्यांना दिली आहे. खोटं नाणं घेतलं तर दुकानदाराचं नुकसान होतं आणि ते त्याला लगेच दिसतं. खरं नाणं नाकारलं तर नुकसान समोरच्याचं होतं, आणि तो पाठ फिरवून निघून गेलेला असतो. म्हणून जिथे जिथे पारखणाऱ्याला स्वतःच्या नकाराची किंमत मोजावी लागत नाही, तिथे रेघ हळूहळू आत सरकत जाते. त्यासाठी कुणी दुष्ट असायची गरज नाही.

न्यायालयाच्या बाबतीत आपण उलटं मानतो. दहा गुन्हेगार सुटले तरी चालतील, पण एका निरपराधाला शिक्षा होऊ नये, हे तत्त्व अठराव्या शतकात ब्लॅकस्टोनने इंग्लिश कायद्याच्या संदर्भात मांडलं आणि ते आपल्याकडेही रुजलं. तिथे आपण रेघ मुद्दाम बाहेर ठेवतो. कोणी म्हणेल, दहा रुपयांच्या नाण्याला एवढं मोठं तत्त्व कशाला? खरं आहे, तुरुंगवास आणि दहा रुपये यांची तुलना होत नाही. पण बसस्टँडवर सांबारवडी विकणाऱ्या बाईच्या गल्ल्यात दिवसाअखेर अशी वीस नाणी जमली आणि ठोक व्यापाऱ्याने ती घ्यायला नकार दिला, तर दोनशे रुपये अडकले. तिची दिवसाची कमाई किती, ते विचारात घेतलं की हा आकडा लहान राहत नाही. मोठा दुकानदार नाणं नाकारू शकतो, कारण गिऱ्हाइकाकडे दुसरं काहीतरी असतंच. तिला नाकारणं परवडत नाही, कारण गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जाईल. नकार वरून खाली येतो आणि ज्याला पुढे ढकलायला कुणी उरत नाही त्याच्याकडे साचतो.

सगळ्यांना माहीत होतं

या गोष्टीतला मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग वेगळाच आहे. माझे एक काका किराणा दुकान चालवतात. त्यांना मी रिझर्व्ह बँकेचं पत्रक दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "मले माहीत आहे रे खरं आहे म्हणून. पण समोरचा नाही घेत, तर मी घेऊन करू काय?"

म्हणजे नाणं खोटं आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. कदाचित बाजारातल्या निम्म्या लोकांना वाटत नसेल. प्रत्येकाला एवढंच वाटत होतं की पुढच्याला ते खोटं वाटतं. अशा वेळी खुलाशांचा उपयोग होत नाही, कारण माहितीची कमतरता हा मूळ प्रश्नच नसतो. प्रत्येकाने स्वतःपुरतं शहाणपणाने वागूनही सगळ्यांनी मिळून एका खऱ्या गोष्टीला खोटं करून टाकलेलं असतं. यात दोष कुणाचा?

'कुणाचाच नाही' हे उत्तर मला पटत नाही, आणि 'सगळ्यांचा सारखा' हेही नाही. ही साखळी तुटायची असेल तर कुणीतरी एकाने आधी नाणं घ्यावं लागतं, आणि पुढचा घेईल की नाही याचा धोका पत्करावा लागतो. तो धोका ज्याला झेपतो, त्याचं कर्तव्य आधी. बँकेला झेपतो, ठोक व्यापाऱ्याला झेपतो, पेट्रोलपंपाला झेपतो. पगारावर जगणाऱ्या माझ्यासारख्याला तर नक्कीच झेपतो. सुटे म्हणून मिळालेली चार नाणी मी महिनाभर सांभाळू शकतो. हातगाडीवालीला झेपत नाही, म्हणून तिच्याकडून ती अपेक्षा करू नये. कर्तव्य सगळ्यांचं एकच असलं, तरी ते कुणी आधी पार पाडायचं याचा क्रम असतो, आणि तो क्रम ऐपतीवरून ठरतो.

हातात आलेलं खोटं नाणं

आता उलट बाजू. समजा तुमच्या हातात खरोखरच खोटं नाणं आलं. तुम्ही ते अजाणता घेतलंत, नंतर कळलं. आता काय कराल?

१८६० च्या भारतीय दंडसंहितेने या माणसाचा विचार स्वतंत्रपणे केला होता. खोटं आहे हे घेतानाच माहीत असून ते पुढे चालवणाऱ्याला, भारतीय नाणं असेल तर, दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. पण घेताना माहीत नव्हतं, नंतर कळलं, आणि तरी खरं म्हणून पुढे दिलं, तर कलम २४१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा नाण्याच्या किमतीच्या दहापट दंड, किंवा दोन्ही. कायद्याला या माणसाची थोडी दया आली होती हे उघड आहे. तो लबाडीच्या धंद्यातला नाही, फक्त आपल्यावर आलेलं नुकसान दुसऱ्यावर ढकलतो आहे. पण दया आली तरी त्याला मोकळं सोडलं नव्हतं. २०२४ च्या १ जुलैपासून ती संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. मला महत्त्वाचा वाटतो तो या जुन्या कलमामागचा विचार.

नोटांच्या बाबतीतला नियम तर आजही स्पष्ट आहे. खोटी नोट बँकेत आली की बँक ती जप्त करते आणि बदल्यात काहीच देत नाही. म्हणजे साखळीत जो पहिला माणूस खरं बोलतो, सगळं नुकसान त्याचं. त्याच्या आधीच्या दहा जणांनी ती नोट डोळे मिटून पुढे सरकवली असेल, त्यांचं काही जात नाही. प्रामाणिकपणाला इतका थेट दंड क्वचितच दुसरीकडे दिसेल.

मग भरपाई द्यावी का? पूर्ण भरपाई देता येत नाही, कारण तसं केलं तर खोटी नाणी पाडणाऱ्यांसाठी सरकारच गिऱ्हाईक बनेल. ही अडचण खरी आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष 'शेवटच्या माणसाने सोसावं आणि गप्प बसावं' एवढाच असायला नको. माझ्या मते निष्कर्ष असा: खोटं नाणं पुढे न ढकलण्याचं कर्तव्य खरं आहे, कारण ढकललेलं नाणं शेवटी ज्याला पारखता येत नाही त्याच्याकडे जाऊन थांबतं. म्हाताऱ्या माणसाकडे, लहान पोराकडे, अंधारात भाजी विकणाऱ्याकडे. दहा रुपयांचं नुकसान थांबवायचं असेल तर ते सोसायला जो समर्थ आहे त्याने आपल्यापाशी थांबवावं. आणि जो समर्थ नाही, त्याने ते पुढे ढकललं तर त्याला नीतीचे धडे देण्याआधी आपण स्वतः किती वेळा थांबवलं ते मोजावं.

खरेपण असतं कुठे?

मराठीत नाण्यावरून आलेले कितीतरी शब्द आहेत. खणखणीत, चोख, कस, कसोटी, नाणावलेला. 'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो, तो बट्टा म्हणजे सराफाने कमी कसाच्या किंवा परमुलखातल्या नाण्यावर कापून घेतलेली रक्कम. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. त्या काळी वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत, आणि पोतदार-सराफ त्यांची पारख करत. तेव्हा नाण्याचं मोल त्यातल्या चांदीवर असे. म्हणून हलकं नाणं थेट नाकारावं लागत नसे. बट्टा कापून घेता येत असे. खरं आणि खोटं यांच्यामध्ये पायऱ्या होत्या.

आजच्या नाण्यात पायऱ्या नाहीत. दहाचं नाणं एक तर दहाचं आहे, नाहीतर शून्याचं. त्यातल्या धातूला फारसा अर्थ नाही. मुंबई, कोलकाता, हैदराबाद, नोएडा या चार सरकारी टांकसाळींपैकी एकीतून ते बाहेर पडलं, एवढंच त्याचं खरेपण. सालाखाली मुंबईची चौकट, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका असतो. कोलकात्याची खूण नसते. समजा कुणी तोच धातू, तेच वजन, तोच साचा वापरून हुबेहूब नाणं पाडलं, तर ते खोटंच. कुठलाही संवेदक ते पकडू शकणार नाही, तरीही खोटंच. संवेदक साम्य मोजतो. खरेपण मात्र नाण्याच्या जन्मात असतं, आणि तो जन्म उजेडाच्या झोतात दिसत नाही. प्रत्येक पारखीत आपण साम्याला खरेपणाचा पुरावा मानतो, कारण दुसरा पुरावा हाताशी नसतो. ते ठीक आहे. पण मग आपल्या निकालात तितकी नम्रता तरी असावी. 'हे खोटं आहे' आणि 'हे मला ओळखता आलं नाही' ही दोन वाक्यं वेगळी आहेत. नाणं परत फेकणारं यंत्र खरं तर फक्त दुसरं वाक्य बोलू शकतं.

या सगळ्यातून सुटण्याचा एक टोकाचा मार्ग आमच्याच जिल्ह्यात शोधला गेला होता. १९५० मध्ये विनोबांनी पवनारच्या परमधाम आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू केला. पैसाच वापरायचा नाही. स्वतः खणलेल्या विहिरीच्या पाण्यावर, स्वतः पिकवलेल्या धान्यावर जगायचं. पैशाचं मोल चंचल आणि श्रमाचं मोल टिकाऊ, ही त्यामागची धारणा. पुढच्याच वर्षी भूदानाची यात्रा सुरू झाली आणि विनोबा पवनारबाहेर पडले. मला त्या प्रयोगाबद्दल आदर आहे, पण पारखीच्या प्रश्नातून तो सोडवत नाही. पैसा काढून टाकला तरी वस्तू पारखावीच लागते. हिंगणघाटच्या कापूस बाजारात हे दर हंगामात दिसतं. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलावा हा पाया, १२ टक्क्यांपर्यंत भाव कापून कापूस घेतला जातो, त्यापुढे नाकारला जातो. इथे निदान बट्ट्याची जुनी पायरी शिल्लक आहे. पण गाडी भाड्याने करून आलेल्या शेतकऱ्याला मीटरच्या एका आकड्यावर परत जावं लागलं, आणि तो आकडा सकाळच्या दवामुळे चढलेला असला, तर परतीचं भाडं त्याचंच. मीटर धरणाऱ्याला बारा पण दंड नाही.

दोन रकाने

आता नाण्यांचा प्रश्न हळूहळू मावळतो आहे. सांबारवडीच्या गाडीवरही क्यूआर कोड लटकतो. पण पारख संपलेली नाही. पैसे भरल्याची खोटी स्क्रीन दाखवून लोक फसवू लागले, म्हणून दुकानात रक्कम मोठ्याने सांगणारी पेटी आली. एकेकाळी नाणं दगडावर वाजवून ऐकत, आता पेटीचा आवाज ऐकतात. आणि त्या आवाजाच्या मागे कुठेतरी माझ्यासारखे लोक बसलेले असतात, जे ठरवतात की कोणता व्यवहार संशयास्पद. हे माझं सध्याचं काम आहे. तिथेही एक रेघ असते. ती जरा आत सरकवली की फसवणूक कमी झाल्याचा आलेख छान दिसतो. आणि कुठल्यातरी तालुक्यात एका छोट्या दुकानदाराचं खातं दोन दिवस गोठतं, कारण पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याची विक्री अचानक दहापट झाली. रेशनच्या दुकानात राबून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला जुळत नाही आणि म्हातारी रिकाम्या पिशवीने परतते, तिथेही हीच रेघ असते.

या रेघा ओढणं थांबवता येणार नाही. फसवणूक खरी आहे, आणि तिचा फटकाही बहुधा दुबळ्यालाच बसतो. म्हणून 'सगळ्यांवर विश्वास ठेवा' हा उपदेश मला पोकळ वाटतो. पण पारखणाऱ्याकडून तीन गोष्टी मागता येतात. नाकारलं तर कारण सांगावं, आणि ते नाकारल्या गेलेल्याला समजेल अशा भाषेत. एका पारखीवर निकाल संपू नये. दुसऱ्या, वेगळ्या पद्धतीच्या पारखीची वाट जवळ आणि फुकट असावी. आणि चुकीच्या नकाराची किंमत, थोडी का होईना, नाकारणाऱ्याच्या खिशातून जावी. तिसरी अट सगळ्यांत अवघड आहे, आणि तिच्याविना पहिल्या दोन कागदावर राहतात.

आमच्या साप्ताहिक अहवालात 'पकडलेली फसवणूक' असा एक रकाना होता. गेल्या तिमाहीपासून त्याच्या शेजारी दुसरा रकाना यावा म्हणून मी मागे लागलो होतो: 'अडवलेले खरे व्यवहार', आणि ते किती तास अडले. तो आता आला आहे. पहिल्या आठवड्यात बैठकीत त्याच्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. तिसऱ्या आठवड्यात एका वरिष्ठांनी विचारलं, "हा आकडा पहिल्यापेक्षा मोठा कसा काय?" मी वर सांगितलेलं नाण्यांचं गणित फळ्यावर मांडलं. पुढची मागणी तयार आहे: खरा दुकानदार अडवला गेला, तर त्या प्रत्येक तासाची रक्कम आमच्या विभागाच्या खर्चात धरली जावी. ती मान्य होईल की नाही, ते पुढच्या महिन्यात कळेल. बैठकीत मी तिला 'बारा पणांचा नियम' असंच नाव दिलं आहे.